उंच माणसांचं रिकामं ताट

पहिल्या फोटोत एकवीस मोदक होते. एकोणीस ताठ, एक जरा कललेला, आणि एकाचं नाक वाफवताना फुटून आतलं सारण डोकावत होतं. दुसऱ्या फोटोत तेच ताट, तेच केळीचं पान, तोच उजेड. मोदक शून्य, तुपाचे थेंब तीन. दोन फोटोंच्या मधे ताट जराही हलता कामा नये, म्हणून मोदक एकेक करून अलगद उचलावे लागले, आणि उचललेले ठेवायला जागा नव्हती म्हणून खावे लागले. त्यातले नऊ स्वानंदीने खाल्ले. कामाचाच भाग होता, असं तिचं म्हणणं.

युट्रेख्टला भौतिकशास्त्रात एमएससी करून ती वाउटरच्या छापखान्यात उमेदवारीवर लागली होती. आपल्या कंपासपेटीत हलवली की चित्र बदलणारी पट्टी असायची ना, तसलीच चित्रं तिथे दाराएवढी बनत. दोन फोटो केसासारख्या पट्ट्यांत कापायचे, एकाआड एक विणायचे आणि वर बारीक आडव्या भिंगांचा पारदर्शक पत्रा चिकटवायचा. डोळा चित्राच्या मध्याच्या खाली असला की एक फोटो दिसतो, वर गेला की दुसरा.

"हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं," वाउटर म्हणाला होता. "गिऱ्हाईकाने ठेवून घेतलं तर तू कायम. परत आलं तर आपण छान कॉफी पिऊ आणि तू दुसरीकडे अर्ज करशील." हे तो इतक्या मायेने बोलला की सायकलवरून घरी पोचेपर्यंत तिला त्यातली धमकी कळलीच नाही.

गिऱ्हाईक म्हणजे मंजूषाकाकू. बुइटनव्हेल्डर्ट वस्तीतल्या निम्म्या मराठी घरांचा गणपती काकूंच्या मोदकांशिवाय बसत नसे. आता त्यांना डच लोकांना मोदक खिलवायचे होते, म्हणून जवळच्या बाडहूव्हडॉर्प गावच्या शनिवारच्या बाजारात त्यांनी ठेला घेतला होता. वरच्या दांडीला दोन दोऱ्यांनी चित्र टांगायचं, वाऱ्याने ते झुलेल, मोदक नाहीसे होतील, परत येतील, आणि जाणारी माणसं थांबतील, असा स्वानंदीचा बेत.

"आणि वारा नसला तर?" काकूंनी विचारलं होतं.

"काकू, आपण नेदरलँड्समध्ये आहोत."

शनिवारी वारा नव्हता. चौकातले झेंडे ओल्या टॉवेलसारखे लोंबत होते. चित्र दोऱ्यांवर निमूट उभं होतं, आणि त्यातलं ताट काठोकाठ भरलेलं होतं.

"हलत नाहीये, पण दिसतंय सुरेख," काकू म्हणाल्या. "तोंडाला पाणी सुटतंय. राहू दे असंच."

पण तासाभरात एकही डच गिऱ्हाईक थांबलं नाही. लोक लांबून यायचे, चित्राकडे बघायचे, हसायचे आणि पुढे जायचे. एक आजोबा तर अंगठा दाखवून काहीतरी कौतुकाचं बोलून गेले.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, इतक्या सकाळी सगळं संपलं, अभिनंदन."

"संपलं? आजोबांना मोतीबिंदू असेल."

मागोमाग आलेल्या बाई तरुण होत्या आणि चष्माही नव्हता. त्यांनीही, पुढच्या आठवड्यात लवकर येऊ, असं सांगितलं.

"या बाईंना पण मोतीबिंदू?" स्वानंदीने विचारलं.

"मला काय विचारतेस? तू शिकलेली ना?"

स्वानंदी दोन मीटर मागे गेली. ताट भरलेलं. शेजारच्या भाजीवाल्याचा रिकामा क्रेट तिने मागून आणला, उपडा घातला आणि वर चढली. ताट रिकामं. उतरली. एकवीस मोदक. पुन्हा चढली. तुपाचे तीन थेंब.

"उतर, पडशील," काकू म्हणाल्या. "काय झालं ते सांग."

"चित्राचा मध्य बरोबर यांच्या आणि आपल्या डोळ्यांच्या मधे आलाय. आपण खालून बघतो, म्हणून भरलेलं. ते वरून बघतात."

"ट्रायल घेतली होतीस ना?"

"घेतली होती. मी बघितलं, तुम्ही बघितलं."

"म्हणजे दोन बुटक्यांनी."

स्वानंदी एकशे छप्पन सेंटिमीटर होती, काकू तिच्याहून बोटभर कमी. छापखान्यात सहा फुटांचे चार जण दिवसभर तिच्या आजूबाजूला वावरत होते, त्यातल्या एकालाही तिने बोलावलं नव्हतं. आणि थोड्या वेळाने वाउटर स्वतः येणार होता, चित्र कसं चाललंय ते बघायला.

"खाली ओढ की मग," काकू म्हणाल्या.

"उलट होईल. खाली गेलं तर आपल्यालाही रिकामं दिसेल. आणि वर न्यायला दांडीखाली जागा नाही. ते थोडं आभाळाकडे बघायला हवं." तिने कागदाच्या पिशवीवर दोन त्रिकोण काढले. मग चित्र दोऱ्यांवरून सोडवून तेवढ्याच उंचीवर मागच्या फळीला टेकवलं आणि खालच्या कडेमागे काहीतरी जाड घालायला शोधू लागली. पिठीचं पाकीट दबत होतं. शेवटी तिने काकूंचा साजूक तुपाचा डबा उचलला.

"अगं, त्यात तूप आहे."

"तुपाला कोनाचं काही वाटत नाही, काकू."

क्रेटवर चढून बघितलं, भरलेलं. क्रेटवरूनच पुढे वाकत गेली, तशी ताट एकदम रिकामं झालं. स्वानंदी तशीच वाकलेली थांबली.

"आता काय बिघडलं?"

"बिघडलं नाही. उंच माणसाला लांबून भरलेलं दिसेल. जवळ आला की संपेल."

"आणि मला?"

"तुम्हाला कायम भरलेलं."

"हे बरंय," काकू म्हणाल्या.

पुढच्या जोडप्याने लांबून बघितलं, मग ते जवळ आलं, थबकलं. नवऱ्याने बायकोला एक पाऊल मागे ओढलं, मग पुढे. हसत हसत त्यांनी सहा मोदक घेतले. त्यांच्यामागे रांग लागली, आणि रांगेतला प्रत्येक जण पुढे-मागे डुलत होता.

त्या डुलणाऱ्यांच्या डोक्यांवरून वाउटरचं डोकं दिसलं. तो दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला आणि गंभीर चेहऱ्याने त्याने विचारलं, "गिऱ्हाईक काय म्हणतंय?"

"सांग त्याला," काकू मोदकावर वाटीतलं तूप सोडत म्हणाल्या, "चित्र माझ्याकडेच राहील. डब्यासकट. आणि याच्यापुढे ट्रायलला यालाच उभा करत जा."

स्वानंदीने सगळं जसंच्या तसं सांगितलं. वाउटरने मान डोलावली. "मग सोमवारी सही करायला ये," तो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला, कारण स्वानंदीने खिशातून टेप काढून त्याला जिथल्या तिथे थांबायला सांगितलं होतं.

उंची एक मीटर चौऱ्याण्णव. चित्राचा कल आठ अंश. ताट एक मीटर एकाहत्तर सेंटिमीटर अंतरावर रिकामं झालं.