ओरडायची नोकरी

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ते झालं हो, पण खरं काम काय करता?" खरं काम तेच. मी एका मनोरंजन पार्कात मेकॅनिक आहे. रोलर कोस्टर, आकाशपाळणा, गरगर फिरणाऱ्या मोठमोठ्या कपबश्या, या सगळ्यांचं तेलपाणी, नटबोल्ट आणि ब्रेक माझ्याकडे. आमच्याकडे नियम असा, की ज्याने दुरुस्ती केली, पहिल्या फेरीला त्यानेच बसायचं. रिकाम्या गाडीत, एकट्याने, आणि गाडी हलल्यापासून थांबेपर्यंत ओरडत.

हे ओरडणं हौसेचं नाही. गाडी चालवायची केबिन पत्र्याच्या भिंतीमागे आहे, तिथून वरचं वळण दिसत नाही. म्हणून फोरमनकाका ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून कान लावून बसतात. आवाज येतोय तोवर सगळं ठीक, आवाज थांबला की ब्रेक. बारा वर्षं मी अशी बेंबीच्या देठापासून ओरडतेय. माझा दम सगळ्यांत लांब टिकतो, म्हणून पार्कात मला 'भोंगा' म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

पगाराचं मात्र कुठे ओरडून सांगण्यासारखं काही नाही. आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत मी आणि नवरा, आणि स्वयंपाकघरात, फ्रिज आणि ओटा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, सासूबाई. सहा वर्षं त्या तिथे झोपतायत. रात्री कोणीही पाणी प्यायला उठलं की त्यांचे पाय ओलांडून जातं. त्यांनी आमच्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली, स्वतःची एक खोली. आम्ही दर वर्षी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की, आई." आणि त्या मान डोलवायच्या. ती मान मला खुपायची.

म्हणून लिफ्टच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा नवऱ्याने माझा अर्ज स्वतःच भरून टाकला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, बारीक अक्षरातलं सगळं त्याला आधी दिसतं. "पगार तिप्पट!" तो म्हणाला. सासूबाईंनी त्या दिवशी पडद्यांच्या कापडाचा विषय दोनदा काढला.

मुलाखत वीस मजली इमारतीत होती. इतकी चकचकीत, की फरशीत मला माझे बूट खालून दिसत होते. समोर तिघं. मधोमध एक मॅडम, ज्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा परवानगी घेऊन पडली असावी, आणि दोन बाजूंना दोन टायवाले साहेब. प्रश्नोत्तरं बरी झाली. मग प्रात्यक्षिक. एका लिफ्टमध्ये त्यांनी मुद्दाम बिघाड करून ठेवला होता. मी वीस मिनिटांत ब्रेक नीट बसवला, हात पुसले, आणि मॅडम म्हणाल्या, "छान. चला, वर जाऊन बघू." तिघंही माझ्याबरोबर आत शिरले. दार लागलं. लिफ्ट हलली.

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? माझ्या हातची दुरुस्ती. पहिली फेरी. बारा वर्षांचं वळण. डोक्याला काही कळायच्या आत तोंड उघडलं.

"आऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ!"

पहिला टाय भिंतीला चिकटला. दुसऱ्याने डोळे मिटले आणि आईला हाक मारली. मॅडमनी माझं मनगट असं धरलं की त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. मी ओरडतच होते, कारण गाडी थांबेपर्यंत थांबायचं नसतं. शेवटी पहिल्या टायने लाल बटणावर मूठ हाणली. बटण आत गेलं ते गेलंच. अकराव्या आणि बाराव्या मजल्याच्या मध्ये आम्ही थांबलो आणि मी गप्प झाले. मला काहीतरी बोलणं भाग होतं.

"ब्रेक छान लागतोय," मी म्हणाले.

भिंतीतल्या स्पीकरमधून पहारेकऱ्याचा घाबरा आवाज आला. "आत कोणी जखमी आहे का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "उमेदवार आहे."

"मॅडम, लिफ्ट सोडवायला कोणाला बोलवू?"

मॅडमनी दोन्ही टायांकडे पाहिलं. टायांनी बुटांकडे पाहिलं. "ती जागा रिकामी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तीच भरायला बसलोय आम्ही."

मग मीच स्पीकरवरून पहारेकऱ्याला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पाठवलं आणि कुठलं झाकण काढायचं, काय फिरवायचं ते सांगितलं. बिचारा जिन्याने वीस मजले चढला. तोवर अर्धा तास मी त्या तिघांना आमच्या ओरडण्याचा नियम समजावून सांगितला.

"म्हणजे रोज ओरडता तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"पाच-सहा वेळा. सुट्ट्यांच्या दिवसांत जास्त."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. लिफ्ट सुरू झाल्यावर खाली पोचायच्या आत त्या म्हणाल्या, "सोमवारपासून या. एकच अट. लिफ्टमध्ये तोंडातून आवाज नाही."

घरी नुसता धुमाकूळ. नवऱ्याने मला उचलून गोल फिरवलं आणि त्याची पाठ धरली. त्याला बाम चोळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "खिडकी असेल ना गं खोलीला?" मी म्हटलं, "दोन असतील, आई!" आणि तेव्हा मला अगदी मनापासून आनंद झाला होता. ते नाटक नव्हतं.

पण तोंडाचं काय करायचं? सोमवारला चार दिवस होते. मी सराव सुरू केला. दात घासताना ओठ मिटून, जिना उतरताना ओठ मिटून. घरात दोन दिवस मी इतकी गप्प होते की नवऱ्याने कपाळाला हात लावून ताप बघितला. तिसऱ्या दिवशी सकाळी पार्कात रोलर कोस्टरच्या मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं आणि नेहमीप्रमाणे एकटी बसले. फोरमनकाकांना मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. जीभच रेटत नव्हती.

चढणीवर सवयीने ओरडले. टोकाला पोचले आणि अट आठवली. म्हटलं, इथे जमलं तर कुठेही जमेल. ओठ घट्ट मिटले.

खट्‌! गाडी जागच्या जागी थांबली.

मी वाकून चाकांकडे पाहिलं. मग लक्षात आलं, अगं भोंग्या, तुझा आवाज थांबला ना! खालून लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं वाजायला लागली. साठी ओलांडलेला माणूस, दोनशे पायऱ्या. काका वर आले तेव्हा चेहरा पांढराफटक, टोपी कुठेतरी पडलेली. मला धडधाकट बसलेली पाहून ते कठड्याला धरून खालीच बसले.

"काय झालं? चक्कर आली?"

"नाही, काका."

"मग ओरडायला काय झालं होतं?"

"सराव करत होते. न ओरडण्याचा." आणि मी सगळं सांगून टाकलं. लिफ्ट, तिप्पट पगार, सासूबाईंची खोली.

मला वाटलं, आता बोलणी खाणार. ते नुसते धापा टाकत राहिले. मग म्हणाले, "जा तू. तिप्पट कोण देतंय! मी काय, घेईन दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजाची सवय करून." आणि टोपीसाठी डोक्यावर हात नेला, टोपी नव्हती.

ते खाली गेले. मी तिथे उंचावर एकटीच बसले होते आणि माझं मला स्वच्छ कळत होतं, की सोमवारपासून मी या जगातली सगळ्यांत भरपूर पगाराची, सगळ्यांत दुःखी बाई होणार आहे. त्याच वेळी स्वयंपाकघरातला तो पट्टाही डोळ्यांसमोर होता. मला माझी लाज वाटली. खरंच वाटली. एवढ्यात ब्रेक सुटला, गाडी खाली झेपावली, आणि मी असं काही ओरडले की तिकीट खिडकीवरचा माणूस बाहेर येऊन वर बघायला लागला.

उतरल्याबरोबर मॅडमना फोन केला.

"तुम्हाला वेड लागलंय का?" त्या म्हणाल्या.

"थोडंसं, मॅडम."

हे सोपं होतं. अवघड घरी होतं. संध्याकाळी सासूबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. मी चप्पलसुद्धा न काढता एका दमात सगळं बोलले, मध्ये रडलेही, आणि शेवटी म्हणाले, "तुमची खोली मी घालवली, आई."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "झालं बोलून?"

"हो."

"मला राग आलाय. खोली मला हवी होती. नको होती असं म्हणून मी तुझं मन राखणार नाही."

"नका राखू."

"आणि हे दोन दिवस तू घरात तोंड शिवल्यासारखी फिरत होतीस, तेही मला सोसवत नव्हतं. आता या दोन्हीचं मी काय करू?"

उत्तर त्यांनाच सुचलं. त्यांनी हात धुतले, स्वतःच्या अंथरुणाची गुंडाळी काखोटीला मारली आणि आमच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या त्या आमच्या दोन उश्या आणि चादर घेऊन. ते सगळं फ्रिजपाशी टाकलं.

"मजा तू करणार ना? मग फ्रिजशेजारी पण तूच झोपायचं. नवऱ्याला घेऊन."

आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली. पलंग करकरला. मग एक लांबलचक "आऽऽहाहा" ऐकू आलं.

नवरा घरी आला तेव्हा मी पट्ट्यात उभी होते.

"माझी उशी इथे काय करतेय?"

"मी लिफ्टच्या नोकरीला नाही म्हटलं."

त्याने बंद दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला, आणि तो पडणारच होता. मग बॅग ठेवली आणि कामावरच्या कपड्यांतच तो फरशीवर आडवा झाला. पाय दाराबाहेर गेले.

"दोघं मावू?" त्याने विचारलं.

"कुशीवर झोपलो तर."

मी त्याच्या शेजारी शिरले. माझं नाक ओट्याखालच्या बटाट्यांच्या टोपलीत गेलं. त्याला कूस बदलायची होती, त्यासाठी मला आधी उठावं लागलं, आणि तेवढ्यात माझ्या धक्क्याने फ्रिजचं दार उघडून दुधाचं पातेलं त्याच्या छातीवर आलं. आधी तो हसला. मग मी. मग आम्हाला थांबताच येईना.

"हसा, हसा," आतून सासूबाईंचा आवाज आला. "पण जरा हळू. मी पहुडलेय."