न ढवळलेला थेंब

मित्रांनो, मी नेरडीगोंड्याकडच्या एका मराठी शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक. पितळेची नळी, खाली आरसा, आणि पोटात साचलेला राग. मला १९८३ साली आणलं. तेरा वर्षं मी मुलांना कांद्याचा पापुद्रा नि माशीचा पाय दाखवला. मुलं रांग लावायची, मला बरं वाटायचं.

मग विज्ञानाच्या सुधाकररावांना हैदराबादच्या मित्रानं एक छोटी बाटली पाठवली. आत पॉलिमर होता, म्हणजे लांब साखळ्या. एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला पाण्याचा तिटकारा. काचेवर त्याचा पातळ थर वाळवून वर पाणी सोडलं, की पाण्याला भिणारी टोकं एकमेकांआड लपतात, थर आपोआप वळतो आणि इवले पोकळ फुगे बनतात. "फुगे दिसले तर कळव, आणखी पाठवतो," असं मित्रानं लिहिलं होतं. ढवळू नकोस, हे मात्र लिहायचं राहिलं.

सुधाकररावांना त्या फुग्यांत फवारणीचं औषध कोंडायचं होतं, म्हणजे ते हाताला लागणार नाही. घरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती, आणि औषध कालवून कालवून त्यांच्या बायकोचे, द्वारकाबाईंचे, हात सोलून निघाले होते.

पण सुधाकरराव पडले शेतकऱ्याघरचे. बादलीत औषध पडलं की काडीनं ढवळायचं, हे अंगात भिनलेलं. काचेच्या खळग्यात पाणी पडलं की त्यांची सुई फिरलीच. थर फाटायचा, नुसत्या गुठळ्या उरायच्या. तीनदा तेच. अहो, हात आवरा, असं मी कितीदा मनात म्हटलं, पण मला तोंड कुठाय.

बाटलीत शेवटचा थेंब उरला. थर वाळला, पाणी पडलं, तेवढ्यात द्वारकाबाई शाळेच्या दारात आल्या.

"बैल सुटले न, काऊन बसून राह्यले? चला लवकर."

ते धावले. काच माझ्याखाली तशीच राहिली. पाणी सावकाश मुरलं, थर फुगला, कडा जुळल्या, आणि माझ्या भिंगाखाली शेकडो पोकळ फुगे तरंगू लागले. कुणीही हात लावला नव्हता. बघायला मी एकटाच होतो.

अर्ध्या तासानं दोघं परतले. सुधाकररावांनी आधी सुई घेतली, चांगलं ढवळलं, आणि मग डोळा लावला.

"काईच नाई," ते म्हणाले. "आपल्या हातून नाई होत हे."

द्वारकाबाई घराकडे वळल्या. त्यांना उद्याचं औषध कालवायचं होतं.

मित्रांनो, मला तेल नको, मखमली कापड नको. हात लावायच्या आधी एकदा डोळा लावा, एवढंच.