पाहुण्यांच्या चादरी

वाशीच्या कांदा मार्केटात मला कोणी फसवत नाही. गोणीच्या तोंडाशी टपोरे कांदे रचलेले असतात, हे मला ठाऊक. मी कोपरापर्यंत हात घालतो, मगच भाव बोलतो. हमाल म्हणतात, "झहूरशेठ जन्नतला गेले तरी आधी हात घालून बघतील."

माझी बहीण सुमय्या चौतीस वर्षांची, बोलणं चार शब्दांचं. सहा वर्षं ती खांदेश्वरजवळच्या एका मतिमंदांच्या वसतिगृहात होती. मी आदल्या दिवशी फोन करूनच भेटायला जायचो. न सांगता जाणं बरं दिसत नाही. अधीक्षक चारुलताबाई ऑफिसात चहा पाजत, मी अभिप्रायाच्या वहीत 'व्यवस्था उत्तम' लिहून सही ठोकत असे. अशा अकरा सह्या.

बाराव्या खेपेला, सत्त्याण्णवच्या मार्चात, चहा सुमय्याच्या खोलीतच आला. आठ खाटा, आठ निळ्या, इस्त्रीच्या चादरी.

"बघा शेठ, अगदी घरासारखं," चारुलताबाई म्हणाल्या.

सुमय्या माझ्या कपाकडे बघत होती. मी शेवटचा घोट घेतला तशी उठली. पहिली चादर ओढली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली. मग दुसरी. खाली गाद्यांचं फाटकं रेक्झिन, पिवळे डाग, कुबट वास.

"अगं ए, पाहुने अजून नाय गेले!" आया केशरबाई ओरडली आणि तिनं जीभ चावली.

"चहा झाला," सुमय्या म्हणाली आणि घड्या पेटीत ठेवू लागली.

चारुलताबाईंनी धोबी, पाणीटंचाई काय काय सांगितलं. मी सुमय्याच्या गादीत हात घातला. ओला निघाला.

हिला हे शिकवलं कोणी, असं ओरडणार होतो. पण आठवलं. माझ्या मुलीला, शमीमला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा मीच सुमय्याला मागच्या खोलीत बसवून सांगायचो, "कप उचलले की बाहेर ये." तीन स्थळं तशी झाली. चौथं यायच्या आधी तिला इथे आणून सोडली.

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं.

"भाई, पाहुणे?"

"येतील. तू आमच्यातच बसायचं, चहाला."

ती पुढच्या खाटेकडे वळली. आठव्या चादरीची घडी होईपर्यंत निघाली नाही.

खोलीतल्या बाकी सातजणी दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. त्यांचे भाऊ अजून फोन करूनच येतात.