झडीआडचा धूर

मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्या नाकावर कायम राग असतो. गोडीगुलाबीने बोलणं मला जमत नाही. मी चालू असलो की माझ्या पोटात एकामागून एक स्फोट होत असतात. थेंबभर डिझेल, त्यावर दाबून कोंडलेली हवा, आणि धाड्! एवढ्यावर माझा सगळा संसार. ज्याचं पोटच मारामारीवर चालतं, तो शांत कसा बसेल?

माझा जन्मही मारझोडीतच झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, ते थंड होतं न होतं तोच माझ्यावर छिन्न्या आणि हातोडे तुटून पडले. मला घासलं, भोकं पाडली, ठोकून ठोकून एकेक भाग आत बसवला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी असा गरजलो की समोरचा तपासनीस दचकून मागे सरला. मला फार बरं वाटलं.

मग जहाजात घालून मला ओमानला आणलं आणि वाळवंटातल्या एका रस्त्याच्या कामावर टाकलं. मजुरांच्या त्या कॅम्पात दुसरी वीज नव्हती. पंखे, पाण्याचा पंप, भटारखान्यातले दिवे, सगळं माझ्या जिवावर. तिथेच मला जमाल भेटला. राजापूरजवळच्या खाडीकाठचा तरणाताठा गडी. मला हँडल मारून चालू करावं लागे, आणि इंजिनाने उचल खाल्ली की हँडल लगेच सोडावं लागे. पहिल्याच दिवशी त्याने ते सोडायला उशीर केला. मी हँडल उलटं भिरकावलं आणि त्याचं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज माझ्या धडधडीतही ऐकू आला.

दुसरा कोणी असता तर पुन्हा माझ्या वाऱ्याला उभा राहिला नसता. हा पठ्ठ्या हाताला प्लास्टर घालून आला, डाव्या हाताने माझ्या टाकीवर एक सणसणीत थप्पड मारली आणि म्हणाला, "माजा हात मोडलास ना? आता तूच मला पोसायचास!"

आणि मी पोसलं हो त्याला! रस्त्याचं काम संपलं, कॅम्प उठला, तेव्हा कंपनीने मला त्याच्याच गळ्यात टाकलं. त्याने मला समुद्रकाठच्या मत्रह शहरात आणलं आणि बंदरामागच्या गल्लीत बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान थाटलं. दुकानाच्या मागेच घर, मध्ये लहानसं अंगण, आणि अंगणात मी. रत्नागिरीहून रशीदा लग्न होऊन आली. मेहविश जन्मली. जमालच्या अंगाला, कपड्यांना, जेवणाच्या डब्यालासुद्धा डिझेलचा वास येई. शेवटी शेवटी तर त्याच्या नाकाला तो वास कळेनासा झाला.

गोनू वादळ आलं ते वर्ष माझ्या वैभवाचं. शहर अंधारात बुडालं, रस्ते वाहून गेले, आणि मी गल्लीच्या तोंडाशी उघड्यावर पावसाचा मार खात धडधडत उभा होतो. मध्येच पाणी शिरून बंद पडत होतो, जमाल शिव्या हासडत मला पुन्हा चालू करत होता. सगळी गल्ली माझ्याकडे धावली. कोणी फोन चार्ज केले, कोणी पंप लावून पाणी भरलं. समोरच्या आमिनाबाईंनी माझ्यासमोर हात वर करून दुवा मागितली. जमाल सगळ्यांना म्हणत होता, "हा हाय ना, तर मला कुणाच्या बापाचा भय नाय." लोखंडाला छाती असती तर माझी फुगली असती.

मग दिवस पालटले. गावातली वीज कधी जाईना. आता ती वीजही गॅस जाळूनच येते म्हणा, म्हणजे माझीच भावंडं, फक्त शहराबाहेर बसून जाळतात, म्हणून साळसूद दिसतात. पण मला कोण विचारतो? माझ्यावर धूळ बसली. माझ्या टाकीवर रशीदा चटया वाळत घालू लागली. काय हा अपमान!

त्याच सुमारास रशीदाला छातीचं दुखणं जडलं. फुप्फुसं कडक होत चालली होती, जिना चढली तरी ओठ निळे पडत. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीने नाकात सोडायचा, असं ते यंत्र. ते विजेवर चालतं. वीज गेली आणि ते बराच वेळ बंद राहिलं तर बाई जगणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

जमाल लगेच म्हणाला, "माजा जनरेटर हाय की!"

मेहविश आता इंजिनिअर झाली होती. शहराच्या कुरुम भागातल्या एका सोलर कंपनीत कामाला होती आणि विजेवर चालणारी पांढरी गाडी चालवत होती. अब्बा दिवसभर बंदरावर बोटीच्या कामाला गेले असताना एके दिवशी तिने छतावर सौर पॅनेल बसवून घेतले आणि अंगणाच्या भिंतीवर एक चौकोनी बॅटरी टांगली. दिवसा ऊन साठवायचं, वीज गेली की घराला द्यायची. मी त्या डब्याकडे पाहत राहिलो. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. मी खातो आणि ओकतो. हा खातो आणि गप्प बसतो. मला तो अजिबात आवडला नाही.

जमालला तर तो त्याहूनही नावडला. घरी येताच त्याचं डोकंच फिरलं. "मला न इचारता? माज्या घरात?" कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलून त्याने बॅटरीवर घातली. पत्रा चेपला. पुन्हा पहार उगारली तेव्हा मेहविश मध्ये पडली आणि ती तिच्या खांद्यावर बसली. पोरगी कळवळून खाली बसली.

"मारा अब्बा, अजून मारा!" ती ओरडली. "पण ही अम्मीच्या श्वासासाठी आहे, एवढं डोक्यात घ्या!"

"डिझेलवर वाढलीस तू! शिकलीस त्याच्यावर! आता त्याची लाज वाटते?"

"लाज नाही वाटत. भीती वाटते. जनरेटरमध्ये सारखं डिझेल भरावं लागतं, अब्बा. तुम्ही घरी नसलात तर अम्मी हँडल मारणार आहे का?"

आत रशीदाला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. दोघंही आत धावले. पहार अंगणातच पडून राहिली. बॅटरी भिंतीवर राहिली, पण जमाल तिच्याकडे बघून रोज बडबडे, "आवाज नाय, थरथर नाय. जिता हाय की मेला, कळता कसा?" मला मनातून गुदगुल्या होत.

आणि मग ते वादळ आलं, भर दिवसा. बातम्यांत ते संध्याकाळी येणार असं सांगत होते, म्हणून मेहविश एका गिऱ्हाइकाकडचं बिघडलेलं सौर युनिट बंद करायला सकाळीच कुरुमला गेली. पण दुपार व्हायच्या आतच समुद्र उसळला. डोंगरांतून पाणी सुटलं, एरवी कोरड्या पडलेल्या वादींमधून, म्हणजे तिकडच्या ओढ्यांमधून, मोटारी खेळण्यांसारख्या वाहून गेल्या. गल्लीतला एक पत्रा उडाला तो समोरच्या खांबाभोवती गुंडाळला गेला. वीज गेली. बॅटरीने त्याच क्षणी घराचा भार उचलला. यंत्र थांबलंच नाही, पण जमालला त्याचा भरवसा वाटेना.

गोनूच्या वेळी मी भिजून बंद पडलो होतो, ते त्याच्या डोक्यात पक्कं होतं. या वेळी माझ्यावर एक थेंब पडू द्यायचा नव्हता. त्याच्या कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झडी बांधतात, झावळ्यांच्या नाहीतर ताडपत्रीच्या, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. तशीच ताडपत्रीची झडी त्याने माझ्याभोवती बांधली. पश्चिमेची बाजू कडेकोट आवळली आणि माझी धुराची नळी उत्तरेच्या मोकळ्या बाजूने बाहेर काढली. राजापुरात हे अगदी बरोबर झालं असतं. तिथे समुद्र मावळतीला, वारा-पाऊस तिकडूनच येतो. पण मत्रहला समुद्र उत्तरेला आहे! इतकी वर्षं त्याच समुद्राकाठी काढली त्याने, पण सुतळी हातात आली आणि हातांनी गावाकडचीच गाठ मारली.

त्याने हँडल मारलं. घराची वीज बॅटरीवरून काढून माझ्यावर घेतली. मी गरजलो. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांनी मला बोलावलं होतं!

समुद्रावरून आलेला वारा माझ्या नळीच्या तोंडावरच आदळत होता. मी धूर बाहेर टाकत होतो आणि वारा तो तसाच माझ्या अंगावर फेकत होता. झडीने तो अडवला, कोंडला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरात ढकलला. जमालला वास आला नाही. रशीदाच्या नाकात नळी होती, आणि तिचं यंत्र तर खोलीतलीच हवा ओढत होतं. त्या हवेत मिसळलेलं माझ्या धुराचं विष वेगळं काढणं त्याला येत नाही.

तिकडे कुरुमला अडकलेल्या मेहविशने मोबाइलवर घरच्या बॅटरीची नोंद पाहिली. बॅटरी भरलेली, पण घर तिच्यावर नाही. तिने फोन लावला.

"अब्बा, जनरेटर लावलात? कुठे ठेवलाय?"

"अंगणात. झडी बांधलीय ना, थेंब जात नाय आत." जमालची जीभ जड झाली होती. "जरा डोका दुखता माजा."

"बंद करा!" ती किंचाळली. "आत्ता बंद करा! अम्मीला बघा!"

जमाल धडपडत आत गेला. रशीदा पलंगावरून अर्धी खाली लोंबत होती. "रशीदा! अगो, ऊठ ना!" त्याने तिला हलवलं, गालांवर चापट्या मारल्या. मान नुसती कलंडली. त्याने दार ढकललं, खिडक्या उघडल्या, पण माझा धूर तिकडूनही आत येत होता. तो माझ्याकडे धावला आणि मला बंद करायची तार ओढली. गंजलेली तार तुटून त्याच्या हातात आली.

मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नाही. टाकीत डिझेल आहे तोवर मी जाळणार. आत माणूस मरत असला तरी मी जाळणार. माझी घडणच तशी आहे.

जमालने घण उचलला. पहिला घाव चुकला आणि माझ्या पंख्यावर बसला. पातं तुटून उडालं, त्याचं कपाळ फाटलं. दुसरा घाव माझ्या डिझेलच्या पंपावर. तिसरा नळीवर. रक्त त्याच्या डोळ्यांत उतरत होतं, डिझेल पायांवर उडत होतं, आणि तो "खलास! खलास!" असं ओरडत मला हाणत होता. मी खोकललो, आचका दिला आणि बंद पडलो. मग त्याने सुरीने झडी टराटरा फाडली. वारा घरात घुसला, भांडी उडाली, कपाटाची काच फुटली. रांगत जाऊन त्याने बॅटरीचा खटका वर केला. चेपलेल्या त्या डब्यावर हिरवा दिवा लागला आणि यंत्र पुन्हा घुरघुरू लागलं.

मेहविश डोंगराच्या वरच्या रस्त्याने आली. वाटेत दरडीचे दगड गाडीवर कोसळले होते, पुढची काच फुटली होती, तिच्या केसांत काचा होत्या. दोघांनी रशीदाला मागच्या सीटवर निजवलं. मेहविशने यंत्राची पिन गाडीतल्याच सॉकेटमध्ये लावली. हॉस्पिटलच्या रस्त्यावर पुन्हा दरड आडवी आली आणि ती हटेपर्यंत गाडी पावसात बराच वेळ उभी होती, असं जमालने नंतर आमिनाबाईंना सांगितलं. "गाडी जागेवर उभी, बाय, आणि मशीन चालू. आजूबाजूची माणसा पेट्रोलच्या गाड्या बंद करून बसली होती, धुराच्या भयाने. आमच्या गाडीत धूरच नाय."

रशीदा वाचली. पण पहिल्यासारखी नाही राहिली. शब्द शोधताना अडकते. चुलीवर काय ठेवलंय ते विसरते. कधी कधी मेहविशला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारते. जमाल समोर असला की उठून दुकानात जाऊन बसतो.

तरी सवय जाते का हो? बॅटरीलाही खोट आहेच. वादळानंतर वीज लवकर आली नाही आणि आभाळही भरलेलंच राहिलं, तेव्हा ती रिकामी होत आली होती आणि मेहविशला गाडी घराला जोडावी लागली होती. जमालने ते पाहिलं होतं. एका शुक्रवारी तो नवा पंप, नवी नळी, नवी तार घेऊन आला. माझ्यासमोर बैठक मारून काम करू लागला. मला तर उकळ्या फुटल्या. घणाचे घाव विसरून मी त्याच्या हातांची वाट पाहत होतो. जुळणी झाली. त्याने टाकीत डिझेल ओतलं.

रशीदा दारात खुर्चीवर बसली होती. डिझेलचा वास तिच्यापर्यंत गेला. तिने एकदम नळी नाकावर गच्च दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने भिंत ओरबाडू लागली. तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. डोळे फाटले होते. जमाल धावला तसा तिने त्याला दोन्ही हातांनी ढकललं, कारण वास त्याच्याही हातांना होता.

तो तिथेच थांबला. हात शर्टाला पुसले, पुन्हा पुसले. "नाय लावत," तो म्हणाला. "नाय लावत गो. कधीच नाय."

मग तो माझ्याकडे वळला आणि त्याने घण घेतला. या वेळी त्याचा एकही घाव चुकला नाही. त्याने पंप फोडला नाही, नळी तोडली नाही. ते भाग पुन्हा बसवता येतात. त्याने माझं पोटच फोडलं, जिथे मी स्फोट करतो तिथे. घाम आणि आसवं एक झाली होती, पण तो थांबला नाही, आणि रशीदा दारातून पाहत हळूहळू श्वास घेऊ लागली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला तेलपाणी करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल, त्याने कितीही वर्षं पोसलेलं असो, तर त्याच्यापाशी बसून त्याच्यासाठी हळहळू नका. आत जो माणूस श्वास घेतो आहे, आधी त्याच्याकडे जाऊन बघा.