डब्याला एक पेला

मी दुरुस्त झाले तर फायदा कप्तानाचा. मी भंगारात गेले तर फायदा शोरूममामाचा. आणि मी नुसतीच व्हरांड्यातल्या लाकडी घोडीवर लटकत राहिले, तर फायदा कोणाचाच नाही. एवढा सरळ हिशेब असूनही त्या घरातल्या शहाण्या माणसांनी मला लटकतच ठेवलं होतं.

मित्रांनो, मी होडीच्या पाठीशी बसणारी एक जुनी मोटर. वर डोक्यावर टोपण, मधे लांब पाय, खाली पाण्यात फिरणारा पंखा आणि पुढे दिशा वळवायची आणि वेग द्यायची दांडी, एवढाच माझा देह. पाण्यात असले की मी गुरगुरते आणि जमिनीवर असले की चुळबुळते. घोडीवर टांगलेल्या त्या दिवसांत माझा पंखा हवेत होता आणि जीव टांगणीला. वारा आला की पंखा आपोआप अर्धा वेढा घ्यायचा आणि पुन्हा थांबायचा. जाणाऱ्यायेणाऱ्याला वाटे, वाऱ्यानं हललं. पण ती माझी तगमग होती.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. आम्ही बहिणी बहिणी एका रांगेत उभ्या होतो, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या चकचकीत. पाण्याच्या हौदात उतरवून आमची परीक्षा घेतली गेली. मी दुसऱ्याच ओढीला सुरू झाले, तेव्हा तपासनीस म्हणाला, "ही टिकेल." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

मला घरी आणणाऱ्या माणसाला सगळे कप्तान म्हणत. होडी बारा माणसांची, खाडी पाऊण मैलाची, पण रुबाब जहाजाचा. पलीकडच्या दवाखान्यातल्या सिस्टर, शाळेतल्या बाई, दुधाचे कॅन, एकदा तर आरसा लावलेलं आख्खं कपाट मी ओढून नेलं. त्या दिवशी सगळे प्रवासी पाऊण मैल आपापले केस नीट करत होते. एकदा भर वादळात मी एका बाळंतिणीला वेळेवर पोचवलं. लोकांनी कप्तानाची पाठ थोपटली. कप्तानानं माझं टोपण थोपटलं. मला तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी तो मला गोड्या पाण्याच्या पिंपात उतरवून थोडा वेळ चालवायचा, म्हणजे पोटातलं खारं पाणी धुऊन निघे. माझ्या मागून तेव्हा पाण्याची एक बारीक धार सुटायची. ती धार सुटली म्हणजे माझं आतलं सगळं थंड आहे. कप्तान तिच्याखाली हात धरून बसायचा.

आता कप्तानाचा फायदा म्हणजे काय, ते सांगते. मला सुरू करायची त्याची एक तऱ्हा होती. चोक अर्धा ओढायचा, दोर दोनदा हळू, मग डाव्या हातानं माझ्या टोपणावर एक थाप, आणि तिसऱ्यांदा खांद्यापासून हिसका. थाप पडली की प्रवासी एकमेकांकडे बघून म्हणायचे, "कप्तानाशिवाय हिला कोणी हात लावू नये!" म्हणजे मी जितकी जुनी, हट्टी आणि विचित्र, तितका कप्तान गरजेचा. माणसं यंत्रावर प्रेम करतात ती अशी, दोन्ही बाजूंनी जमाखर्च बघून.

पण गुडघ्याला असला हिशेब कळत नाही. कप्तानाचा उजवा गुडघा गेल्या वर्षी कामातून गेला. होडीत उतरताना तो "अगं आई गं" म्हणायचा आणि वर "पाय घसरला" अशी सारवासारव करायचा. घरात धाकटी मुलगी होती. थोरली लग्न करून दूर गेलेली. धाकटीनं होडी चालवायचा परवाना काढला, परीक्षा पास झाली, आणि ठरलं की सकाळच्या फेऱ्या ती करणार.

पहिल्याच सकाळी होडी भरलेली, ओहोटी समोरून. धाकटीनं थाप न मारता, नुसत्या तिसऱ्या हिसक्याला मला सुरू केलं.  प्रवाशांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. अर्ध्या खाडीत माझ्या पोटात आग उठली. धार चांगली सुटत होती, तरी आतून काहीतरी खरवडत होतं. मी करकरले, दचकले आणि जाम झाले. धाकटीनं वल्ही काढली. शेजारून जाणाऱ्या लाल होडीवाल्यानं दोर दाखवत विचारलं, "ओढू का, ताई?" त्याच्या दातांवर ऊन चमकत होतं. ती म्हणाली, "नको. हात आहेत."

घरी आल्यावर कप्तानानं निकाल दिला, "पोरीनं मोटर बंद पाडली. एकदम जोर दिला असणार."

"बाबा, अर्ध्यावरच होती दांडी."

"अर्धी तुझी की माझी? हात तयार व्हायला वर्षं लागतात."

धाकटीनं वल्ही भिंतीला टेकवून ठेवली. त्यातच फेऱ्या वाटणाऱ्या, धक्क्यावरच्या साहेबानं निरोप धाडला होता: सोमवारी होडी फेरीला लागली नाही, तर सकाळच्या फेऱ्या लाल होडीला. म्हणजे माझ्या पोटातल्या बिघाडावर एका मुलीचं पहिलं काम टांगलं होतं, आणि वर बापाचं म्हणणं, बिघाड तिनंच केला.

मग सुरू झाली येरझार. कप्तान व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत फिरायचा, माझ्यापाशी थांबायचा, दोर ओढून बघायचा. दोर हलायचा नाही. धाकटी धक्क्यावर जायची, भरतीची वेळ बघायची, परत यायची, परत जायची. आई कपडे वाळत घालताना मला वळसा घालून जायची आणि म्हणायची, "माझ्या चादरींना तेलाचा वास येतोय. एक काय ते ठरवा. माणूस दवाखान्यातसुद्धा इतका लोंबकळत नाही."

पहिला आला शोरूममामा, म्हणजे आईचा सख्खा भाऊ. होडीच्या नव्या मोटारी विकायचा. हातात रंगीत चित्रांचं पुस्तक, चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखा भाव.

"घरचा माणूस म्हणून सांगतो, भाऊजी. हिचं आयुष्य संपलं. नवीला बटण आहे. दाबलं की चालू. लहान मूलही चालवील."

कप्तान उखडला. "लहान मूल चालवणार असेल तर मग बारा माणसं कप्तानावर भरवसा कशाला ठेवतील? आणि तुझं बटण बिघडलं भर खाडीत, तर काय तुझ्या शोरूमातला छताचा पंखा लावू?"

"दादा, तू चहा घे," आई म्हणाली, "आणि घरचा माणूस म्हणून आलायस तर ते पुस्तक खाली ठेव."

मागोमाग आला मिस्त्री. त्याची तळमळ वेगळी. नवी मोटर आली की दोन वर्षं वॉरंटी. म्हणजे बिघडली तरी ती कंपनीच्या माणसाकडे जाणार आणि मिस्त्री बसणार माश्या मारत. तेव्हा माझ्यावर त्याचा फार जीव. टोपण काढताना तो म्हणाला, "असं लोखंड आता मिळत नाही." खरं तर मी बरीचशी ॲल्युमिनियमची आहे. पण कौतुकात कोणी दुरुस्ती करू नये.

त्यानं माझं डोकं खोललं आणि खालचा पिस्टन बाहेर काढला. मित्रांनो, आपलंच आतडं असं चार माणसांसमोर चहाच्या टेबलावर यावं, यासारखी लाज नाही. पिस्टनच्या एका बाजूला उभे ओरखडे होते, मांजरानं दार खरवडावं तसे.

"एका दिवसात एवढं होत नाही," मिस्त्री म्हणाला. "ही वर्षभर कोरडी चालतेय. तेल कसं घालता?"

इथे मला सांगायला हवं की माझ्यासारख्या मोटारींच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. तेच आतल्या भागांना वंगण. कमी पडलं की लोखंड ॲल्युमिनियमला खातं.

मिस्त्रीचा प्रश्न सुटायचा अवकाश, घरातल्या तिघांनी एका सुरात उत्तर दिलं, "डब्याला एक पेला!"

ते त्या घरातलं पाढ्यासारखं पाठ होतं. कप्तानानं मला आणलं त्या दिवसापासून स्टीलचा एक छोटा पेला तेलाच्या बाटलीवर पालथा असायचा. पेट्रोलचा डबा भरला की एक पेला तेल. धाकटीला त्यानं लिहायच्या आधी हे शिकवलं होतं.

"डबा बघू," मिस्त्री म्हणाला.

धाकटीनं कोपऱ्यातला रिकामा लाल डबा आणून ठेवला. मिस्त्रीनं तो उचलून बघितला, खाली ठेवला आणि चहाचा कप तोंडाला लावला.  बोलली आई. कपड्यांचे चिमटे हातात घेऊन उभी होती ती.

"हा काही तो डबा नाही. तो तर माझ्याकडे आहे."

ती आत गेली आणि जुना डबा घेऊन आली. तो गळायला लागल्यावर तिनं तो वरून कापून चिमट्यांसाठी घेतला होता. तिनं चिमटे चादरीवर ओतले. धाकटीनं डबा उचलला, गळकं भोक बोटानं दाबलं, नळाखाली भरला आणि लाल डब्यात पाणी ओतलं. लाल डबा अर्धाच भरला. तिनं पुन्हा भरून ओतला. तेव्हा कुठे पाणी काठाशी आलं.

 गळक्या डब्यातून अंगणात टपटप पाणी गळत होतं.

वर्षापूर्वी हा नवा डबा आणला होता कप्तानानं. मोठा घेतला की पंपावरच्या फेऱ्या निम्म्या, म्हणून आठवडाभर मिशीत हसत होता. डबा दुप्पट झाला, पाढा तोच राहिला. रोज सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं एक पेला मोजला, एक थेंबही सांडू न देता. इतक्या काटेकोरपणे चूक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि आता बघा गंमत. ज्या कप्तानानं शोरूममामाला सळो की पळो केलं होतं, त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "नवीच घेऊ."

मामाच्या हातातला चहा हिंदकळला. "काय म्हणालात?"

"जुनी झालीय ती. किती दिवस ओढायची? उद्याच घेऊन जा हिला."

"सकाळी तर म्हणत होतात हिच्यासारखी दुसरी जन्माला आली नाही," आई म्हणाली.

मला सगळं कळत होतं. मी दुरुस्त झाले असते तर रोज सकाळी माझ्या आवाजात त्याला तो पेला ऐकू आला असता. मी भंगारात गेले की साक्षीदार गेला. मोटर जुनी होती, मेली, विषय संपला. इतकी वर्षं पाठ थोपटून घेतलेली मी, आता पाठवणीला निघाले होते, तीही उद्याच्या उद्या. रागही येईना नीट. 

"मामा," धाकटी म्हणाली, "नवीत तेल मिसळावं लागतं का?"

"छे! तीच तर मजा. काही बघायलाच नको."

"मग तिच्यात दुसरं काहीतरी असेल, जे आम्ही न बघता वर्षभर करत राहू. हिचं निदान आता ठाऊक तरी झालं." ती मिस्त्रीकडे वळली. "ही पुन्हा उभी राहील?"

"सिलिंडरची भिंत खरवडून मोठी करावी लागेल. मोठा पिस्टन, नव्या रिंगा. पण सोमवार सोडा. पाच-सहा दिवस जातील."

"तोवर वल्ही आहेत."

"वेडी आहेस का?" कप्तान ओरडला. "हाताची सालटं निघतील! मोटर माझी आहे, मी म्हणतो नवी!"

आई चिमटे गोळा करायला खाली बसली होती. वर न बघताच ती म्हणाली, "मोटर तुमची. फेरी तिची. जिची फेरी तिनं ठरवावं. आणि तिच्यावर जो आळ घेतलात, तो आधी त्या चादरीवर ठेवा, चिमट्यांसोबत उचलते मी."

कप्तान लाल डब्याकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अर्ध्यावरच होती दांडी. खरंय."

अशी मी मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथे माझी भिंत खरवडली गेली, नवा पिस्टन आला. जोडाच्या मधे बसणारी एक गॅस्केट मिळेना, ती मिस्त्रीनं कापून बनवली आणि चौघांना चारदा दाखवली. इकडे धाकटी सोमवारपासून वल्ही मारत होती. होडी उशिरा पोचायची, शाळेतल्या बाई घड्याळ बघायच्या, एका दिवशी सिस्टरनंच एक वल्हं हातात घेतलं आणि म्हणाल्या, "सरक. दवाखान्यात तुझ्या हाताला पट्टी मलाच बांधायचीय." लाल होडी रोज जवळून जायची. त्यात बसायला जागा होती. आमच्या होडीतले थोडे उठून गेले, बाकीचे बसून राहिले.

पिंपात माझी चाचणी घ्यायच्या दिवशी कप्तानही शेडमध्ये आला. धाकटीनं दोर हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, ती थाप कशासाठी असते? नेमकी कुठे मारायची?"

कप्तानानं माझ्या टोपणावरची धूळ पुसली.

"थापेचं काही नाही. लोकांना बरं वाटायचं."

"लोकांना?"

"बरं, मला."

तिनं दोर ओढला. मी दुसऱ्याच ओढीला सुरू झाले, जन्मदिवशी झाले होते तशी. धार सुटली. दोघांनीही तिच्याखाली हात धरला.

नव्या पिस्टनला सुरुवातीचे काही तास सांभाळून, हळू चालवावं लागतं. मला हे मुळीच मानवत नाही. पुढे लाल होडी फेस उडवत जाते आणि मी आपली म्हातारीसारखी पुटपुटत मागून. आत सारखी हुरहुर: कधी एकदा पूर्ण दांडी मिळते! पहिल्या फेरीला कप्तान आला तो सवयीनं सरळ मागच्या बैठकीवर, माझ्या शेजारी येऊन बसला. धाकटी उभी राहिली. ऊठ म्हणाली नाही. प्रवासी खाडीकडे बघू लागले. मग तोच उठला आणि पुढे, दुधाच्या कॅनांजवळ जाऊन बसला. तिनं दोर ओढला, दोनदा हळू, आणि तिसऱ्या हिसक्याच्या आधी कप्तानाचा डावा हात आपोआप उठला. थाप पडली ती कॅनवर.

"कप्तान, दूध नासेल," दूधवाला म्हणाला.

मित्रांनो, जुन्या यंत्राला कौतुक लागत नाही, धुणं लागतं, वंगण लागतं, आणि अधूनमधून कोणीतरी विचारायला लागतं की आपण हे करतोय ते अजून बरोबर आहे का. डबा बदललात तर पेलाही मोजून बघा. पाठ असलेली गोष्ट आधी तपासा, कारण तीच कोणी तपासत नाही.

राहता राहिला हिशेब, कोणी काय किंमत भरली त्याचा. मिस्त्रीनं काही भरलं नाही. मिस्त्री कधीच काही भरत नाही. शोरूममामानं एक गिऱ्हाईक भरलं आणि वर बहिणीचा टोमणा. आईच्या सहा पेल्यांच्या संचातला आणखी एक गेला. लाल डब्याच्या मुठीला आता तारेनं दोन पेले बांधलेले असतात आणि चालताना खुळखुळतात. मी भरलं ते माझ्या भिंतीचं एक पातळ साल, जे पुन्हा येत नाही. धाकटीनं दोन्ही तळहात भरले. आणि कप्तानानं भरली मागची बैठक. सगळ्यांत महाग तीच होती. ती त्यानं, गुडघा धरून, स्वतःच उठून दिली.