जाईची धनुष्य-चरखी

मित्रांनो, पुंगोल नावाच्या परदेशी उपनगरातल्या एका फ्लॅटच्या स्टोअररूममध्ये, सुटकेसच्या मागे पडून राहिलेली मी एक धनुष्य-चरखी. नाव ऐकून घाबरू नका, मी कुणालाही इजा केलेली नाही. फार पूर्वी युरोपात इतकी ताठ धनुष्यं असत, की नुसत्या हातांनी त्यांची दोरी ओढलीच जात नसे. तिथे माझे पूर्वज कामी येत. आकड्यात दोरी अडकवायची आणि दांडा फिरवायचा, की दातेरी पट्टी एकेक दात मागे सरकते. किरकोळ अंगाच्या माणसालाही जमावं, एवढ्यासाठीच आमचा जन्म.

मला घडवलं श्रीधरने, दहा वर्षांच्या जाईसाठी, तिच्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी. जवळच्याच आंग मो किओ भागात इंजिनिअर असलेला हा बाबा रविवारी स्वयंपाकघरात पेपर पसरून बसायचा. माझे दात जाईने कानशीने घासले. ग्रीस संपलं, तेव्हा आईचं खोबरेल तेल आणून ओतलं.

"बाबा, फिरवणार मीच हं!"

"अगं, तुझ्यासाठीच तर आहे!"

शाळेत बाण चालणार नव्हता. फळीवर नुसती पोलादी कमान आणि दोरी. जाई मन लावून दांडा फिरवू लागली. मध्येच दम खायला थांबली. बिघडलं काहीच नव्हतं, माझ्या खिट्टीने दोरी घट्ट धरली होती. पण समोर गर्दी, त्यात शिक्षिकेने घड्याळ पाहिलं. श्रीधर पुढे सरसावला.

"सरक बाजूला, मी करतो पटकन."

"अरे, फिरवू दे की तिला," जाईची आई, उल्का, हळूच म्हणाली. तोवर त्याने दोरी पार मागे नेलीसुद्धा. टाळ्या पडल्या. माझं केवढं कौतुक झालं! जाई मात्र हात पाठीमागे बांधून उभी होती. तेव्हा मला बोलता आलं असतं तर!

मग ही स्टोअररूम. खोबरेल तेल चिकट होऊन दातांत बसलं, दांडा जाम झाला. जाई चांगली उंच झाल्यावर, एकदा आवराआवरीत मी श्रीधरला सापडले. त्याने मला पुसलं, नवं तेल दिलं आणि हौसेने हाक मारली, "जाई, ये ना, फिरव!"

तिने फोनमधून मान वर केली. रागाने नव्हे, अगदी सहज, तिथल्या बोली इंग्रजीत म्हणाली, "यू डू लाह, बाबा. यू फास्टर."

श्रीधर दांडा धरून तसाच बसला. त्याने तो फिरवला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, आमची धूळ पुसा. पण दांडा लहान हातात असला, तर त्या हाताचा दम परत येईपर्यंत थांबा. मी तर दोरी धरून थांबलेच होते.