रेघ काठाबाहेर गेली

मावशीला स्वयंपाक यायचा बेताचा, शिवण त्याहून बेताचं. पण टीव्हीला जोडलेल्या त्या चपट्या कॉम्प्युटरला ती शहाण्यासारखं वागायला लावायची. धाकट्या बहिणीच्या लेकीसाठी, चिमणीसाठी, तिने चित्रं काढायचा प्रोग्रॅम रचला होता. बाणाची कळ दाबली की ठिपका चाले, आणि ठिपक्यामागे रेघ धावे, गायीमागे वासरू धावावं तशी. टेलिफोन कचेरीतून दमून आली तरी मावशी त्यालाच चिकटायची. "लग्नच लाव एकदा त्याच्याशी," बहीण म्हणायची.

रविवारी दुपारी शेजारची पोरं जमली. प्रोग्रॅमची कॅसेट किरकिरली, पडदा उजळला. चिमणीने घर काढलं, दार काढलं, धुराडं काढलं. धूर वळणं घेत वर निघाला, पडद्याच्या काठापार गेला आणि सगळं थबकलं. खाली अक्षरं उमटली:

'अक्कल गहाण ठेवलीस का, ठोंबे?'

पोरं खो खो हसली. "ठोंबी! ठोंबी!"

रेघ काठाबाहेर गेली की प्रोग्रॅम कोलमडायचा. ती चूक पकडायला हे वाक्य मावशीनेच घातलं होतं, स्वतःलाच दटावायला. काढायचं मात्र राहून गेलं होतं.

चिमणी हसली नाही, रडली नाही. हलकेच म्हणाली, "मावशी, यालापण कळलं?"

"काय गं?"

"बाई वर्गात म्हणतात तेच."

"छे गं, मशीन बिघडलंय!" मावशी बोलून गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बिघडलं असतं तर अक्षरं इतकी नीट कशी आली?"

बहीण दारातून बघत होती. "सांग की ताई आता."

"ते मी लिहिलंय, बाळा. तुला नाही, मला. माझं चुकलं की मी मला असंच म्हणते."

"आणि म्हटलं की जमतं?"

मावशीने प्रोग्रॅम थांबवला, तसं ते घरही पुसलं गेलं, धुराडं, धूर, सगळं. खाली मान घालून तिने ती ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं: ठिपका बाहेर गेला तर काही करू नकोस, परत येईपर्यंत वाट बघ.

"ये, बस."

चिमणीने हात पाठीमागे घेतले. "आधी तू."

मावशीने आजवर चारचौघांत चित्र काढलं नव्हतं. घोडा काढायला गेली.

"शेळी!" एक पोरगी ओरडली.

"शेळी कसली, चालती खाट आहे!"

हशा पिकला. मावशीचे कान तापले. उठून आत जावं असं फार वाटलं. पण जे हसू आपण लेकराच्या वाट्याला आणलं, त्यातलं घोटभर तरी आपण प्यायला नको? ती बसून राहिली. मान, पाठ, चार पाय, सगळे वेगवेगळ्या लांबीचे.

"शेपूट कुठाय?" मागून चिमणीचा आवाज आला.

"नाही जमत गं मला."

"सरक जरा."

शेपूट निघाली ती वर वर, थेट काठाबाहेर. चिमणीचं बोट कळेवरच थिजलं. पडदा गप्प. मग तिने खालच्या बाणाची कळ दाबून धरली, आणि जरा वेळाने रेघ काठावरून वाकडीतिकडी खाली उतरू लागली.

"घोड्याला एवढी शेपूट असते होय?" बहीण हसत म्हणाली.

"आमच्याला असते," चिमणी म्हणाली.

मावशीला तिच्याकडे बघवेना. ती पडद्याकडेच बघत राहिली.